इतर

जानेवारीत लोमे शहरावर हरमाटान वाहतो.
सहाराची पिठी कीबोर्डच्या फटींत बसते,
आणि सातचं बटण दोनदा दाबावं लागतं.
कुणाच्या देशाचं उत्पन्न
एका सातानं कमी निघू नये
म्हणून मी बोट जरा जोरानं टेकवते.

सहा देश, एक प्रोग्रॅम.
लिहिणारी मी, एसिनाम,
पंख्याचा वारा न पोचणाऱ्या टेबलावर.

सांगायला काम साधं आहे.
जे पिकलं, जे बाहेरून आलं,
ते कुठेतरी गेलं असलंच पाहिजे:
खाल्लं, विकलं, कोठारात राहिलं, बोटीनं गेलं.
ताळा जुळला की ओळ हिरवी,
नाही तर लाल.
लाल ओळीपुढे मोठी माणसं
हातचा विसरलेल्या पोरांसारखी बसतात.
बुरुंडीचा निझिगामा चार दिवस बसून होता.
केळी इतकी पिकली, केळ्याची दारू विकली एवढीच,
मधली गेली कुठे?
पाचव्या दिवशी न्याहारीला त्याला आठवलं:
लग्नं.
लग्नात कुणी मोजून पाजत नाही.

देनेमाजी चाडच्या दक्षिणेकडची.
तिनं यादी वरपासून खालपर्यंत वाचली
आणि विचारलं, आमची शीया कुठाय?
म्हटलं, "इतर बिया"त आहे,
यादी सगळ्यांना एकच, काय करणार.
ती म्हणाली,
माझी आई पहाटे झाडाखाली वाकून फळं वेचायची.
बिया उकडायची, वाळवायची, कुटायची,
कोपरापर्यंत हात घालून लोणी फेटायची.
त्या लोण्यावर मी बेरीज शिकले.
तिला इतर कुणी केलं?

जेवणात वाद झाला.
एकेकीच्या आईसाठी ओळ वाढवली तर
यादी संपायची कधी, असं कुणी म्हणालं,
आणि ते खोटं नव्हतं.
कोमोरोचा म्साईदिए माशाचे काटे काढता काढता म्हणाला,
आमच्या बेटांवर हे झाडच नाही.
त्या ओळीत मी काय लिहू?
"काही नको लिहूस."
"म्हणजे रिकामं ठेवू?"
"शून्य लिही."
"मग रिकामं की शून्य?"

आणि माझा घास हातातच राहिला.

रिकामं, म्हणजे कुणी विचारलंच नाही.
शून्य, म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलं,
आणि नव्हतं.
माझ्या प्रोग्रॅमला दोन्ही सारखीच.
पाच वर्षं आम्ही बेरजा करत होतो
न पाहिलेलं आणि नसलेलं
एकाच पोत्यात भरून.

रात्री वीज गेली. पहारेकऱ्यानं जनरेटर लावून दिला,
डिझेलच्या वासात मी सहा फाइली उसवल्या.
एक चूक सापडेना.
पहाटे तीनला सापडली, माझीच होती,
तिच्यावर तारीखही माझ्याच हातची.

सकाळी चाडनं शीयापुढे आकडा लिहिला.
म्साईदिएनं शून्य लिहिलं, बेतानं,
परक्याच्या दारात चपला जोडीनं काढून ठेवाव्यात तसं.
मग घसा खाकरला.
"आता आमचं इलांग-इलांग?"
उजाडायच्या आत बायका तोडतात ती पिवळी फुलं,
तांब्याच्या भट्टीत दिवसभर शिजतात,
थेंब थेंब अत्तर पडतं.
तेही "इतर"मध्येच होतं.
देनेमाजीनं ते फूल कधी हुंगलेलं नाही.
तिनं कुणी सांगायच्या आत आपल्या रकान्यात शून्य टाकलं.

आता प्रत्येक देशाच्या तक्त्यात
दुसऱ्यांच्या झाडाफुलांची शून्यं आहेत.
छपाईला अकरा पानं जास्त लागतात.
मुख्यालयातून तक्रार आलीय, उत्तर लिहायचंय.

केळ्याच्या दारूची ओळ अजून लालच.
निझिगामा म्हणतो, असू दे.
शेवटी "न जुळलेला फरक" असा एक रकाना असतो,
तिथे त्यानं आकडा भरला,
आणि टिपेत, जिथे फक्त स्रोत लिहायचा असतो,
लिहिलं: लग्नं.